सोडणे आणि सुटणे : परिवीक्षाधीन व्यक्तीची मद्यनिवृत्ती व औषधोपचार

‘त्याने दारू सोडली’ आणि ‘त्याची दारू सुटली’ ही दोन वाक्ये वरकरणी एकाच घटनेचे वर्णन करतात. पहिल्यात माणूस कर्ता आहे. दुसऱ्यात कर्तृपद दारूकडे जाते व माणूस षष्ठीत उरतो. हा भेद न्यायालयाच्या दारी किती महत्त्वाचा ठरतो, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

१९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या ४ थ्या कलमान्वये न्यायालय अपराध्यास तुरुंगात न धाडता परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते व मादक पदार्थ वर्ज्य करण्याची अट बंधपत्रात घालू शकते. अट मोडल्यास ९ व्या कलमान्वये मूळ अपराधाची शिक्षा देता येते. प्रथमच मोडली असल्यास ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवता येते. कायद्याची भाषा अर्थातच ‘सोडणे’ची आहे. वैद्यक मात्र मद्यासक्तीस आजार मानते. पुन्हा पिऊ लागणे हा तिच्या दृष्टीने वचनभंग नसून त्या आजाराचाच एक टप्पा होय.

या टप्प्यावर उपयोगी पडणारी औषधे मुख्यतः तीन. डायसल्फिराम मद्यार्काचे शरीरातील विघटन अर्ध्यावर अडविते. ॲसिटाल्डिहाइड साचून चेहरा लाल होणे, वांत्या, धडधड असा त्रास होतो, क्वचित जिवावरही बेतते. हाल्ड व याकोबसेन या डॅनिश संशोधकांनी १९४८ मध्ये त्याचा हा उपयोग पुढे आणला. नाल्ट्रेक्सोन पिण्यातून मिळणारे सुख व पिण्याची ओढ कमी करते. अमेरिकेत देखरेखीखालील व्यक्तींस त्याचे मासिक इंजेक्शनही दिले जाते. अकॅम्प्रोसेट पिणे थांबविल्यानंतरची अस्वस्थता शमविण्यास साहाय्य करते. पहिले औषध भीतीच्या बळावर ‘सोडणे’ टिकविते. उरलेली दोन ‘सुटणे’ सुकर करतात.

आता डहाणूजवळच्या समुद्रकाठचे नरपड घ्या. या किनारपट्टीवर पहाटे ताडावरून उतरविलेली गोड नीरा ऊन चढताच आंबून ताडी होते. परंतु बोलीत ‘दारू’ या शब्दाच्या कक्षेत ताडी येतेच असे नाही. डॉक्टरांनी ‘दारू पिता का?’ असे विचारल्यास ताडी पिणारा मनुष्य खोटे न बोलता ‘नाही’ म्हणू शकतो. डायसल्फिराम घेणाऱ्यास ही शब्दार्थाची फट महागात पडते. कारण ताडीतील मद्यार्कही त्रासास पुरेसा असतो आणि गोळी थांबविल्यावरही तिचा परिणाम सुमारे दोन आठवडे राहू शकतो. घरच्यांनी ती गोळी जेवणात गुपचूप मिसळणे तर त्याहून धोक्याचे.

तेव्हा बंधपत्र समजावून देताना ‘मादक पदार्थ’ या शब्दांवर न थांबता ताडीचे नाव घ्यावे. औषध कोणते, त्याने काय होईल, हे रुग्णाच्या बोलीत सांगून त्याची संमती घ्यावी. हृदय, यकृत व मूत्रपिंड यांची स्थिती पाहून निवड डॉक्टरांनी करावी. तुरुंगाच्या भीतीने दिलेला होकार कितपत मोकळा, हा प्रश्न तरीही उरतो. पुन्हा पिणे घडल्यास शिक्षेपूर्वी उपचार तपासले जावेत. कायद्याने माणसास कर्ता मानावे हे योग्यच. तथापि षष्ठीतील माणसासही त्याने ओळखले पाहिजे.