बन्नेरघट्ट्याच्या बारा फेऱ्या

प्राणिसंग्रहालयात आपण जातो ते बहुधा मुलांच्या हट्टामुळे, किंवा आलेल्या पाहुण्यांना गाव दाखवावयाचे म्हणून. सकाळी डबे घेऊन निघावयाचे, वाघ, सिंह, हत्ती, मगर अशी एकेकाची हजेरी घेत दुपारपर्यंत फेरी पुरी करावयाची आणि वाघ झोपलेला आढळल्यास हळहळत परतावयाचे, असा हा सर्वसाधारण शिरस्ता आहे. त्यात गैर काहीच नाही. परंतु एकच प्राणिसंग्रहालय वर्षभर, दर महिन्यास एकदा, पाहावयाचे असे ठरविले तर काय पाहावयास मिळते? बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा येथे मी गेल्या वर्षी अशा बारा फेऱ्या केल्या. प्राणी तर दिसलेच. परंतु फेऱ्या वाढत गेल्या तसतसा, हे प्राणी येथे आले कोठून, हा प्रश्न मनात अधिकाधिक घोळू लागला. त्याचे उत्तर शोधू गेल्यावर असे आढळून आले की, त्यांच्यापैकी कित्येकांच्या कहाणीत आपल्या आजोबा-पणजोबांच्या करमणुकीचा मोठा वाटा आहे. वाचकहो, त्या कहाण्या तुमच्या कानी घालाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

बंगळूर हे मुळात बागांचे शहर. हैदरअलीने १७६० साली लालबाग लावावयास घेतली. एकोणिसाव्या शतकात त्या बागेत प्राण्यांचा एक लहानसा संग्रहही होता. बन्नेरघट्टा मात्र शहराच्या दक्षिणेस सुमारे २२ किलोमीटरवर, काळ्या कातळांच्या टेकड्या आणि झुडपी रान यांच्या कडेला आहे. येथील जंगलास १९७४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २००२ साली त्यातील प्राणिसंग्रहालय व सफारीचा भाग वेगळा काढून 'बन्नेरघट्टा जैविक उद्यान' अस्तित्वात आले. जाळीच्या खिडक्या लावलेल्या बसमधून सफारीची फेरी निघते. चितळ, सांबर, गवे ओलांडून बस अस्वलांच्या, सिंहांच्या आणि वाघांच्या आवारांत शिरते. येथे कोंडलेली असतात ती माणसे, आणि मोकळा फिरतो तो वाघ! लहान मुलांना ही गंमत मोठ्यांच्या आधी उमगते.

ज्यांनी मुंबईची राणीची बाग किंवा पुण्याचे पेशवे उद्यान जुन्या काळी पाहिले आहे, त्यांना हा फरक विशेष जाणवेल. राणीची बाग १८६२ सालची. पेशवे उद्यान १९५३ सालचे, पुढे ते प्राणी कात्रजला हलविण्यात आले. गजांमागे सिमेंटच्या फरशीवर येरझारा घालणारा वाघ हे त्या काळचे नेहमीचे दृश्य होते. ती येरझार पाहून आपण वाघाच्या रुबाबाचे कौतुक करीत असू. वास्तविक एकाच रेषेत, एकाच ठिकाणी वळून, तासन्‌ तास चालत राहणे हे कोंडलेल्या प्राण्याच्या मनाच्या दुखण्याचे लक्षण आहे. १९९१ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणिसंग्रहालयांविषयीचे प्रकरण घालण्यात आले, १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्यानंतर पिंजऱ्यांची जागा हळूहळू खंदक, झाडे, पाणवठे असलेल्या मोकळ्या आवारांनी घेतली. त्यामुळे वाघ झुडपामागे दडू शकतो आणि प्रेक्षकांची तक्रार वाढते, हे खरे. पण ती तक्रार सुधारणेची पावतीच समजावयास हवी.

झोपलेल्या वाघाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बाराही महिने मी एकच वाक्य ऐकले: "झोपलाय, चला पुढे." वाघ, सिंह, बिबट्या ही मंडळी दिवसाचा बराच मोठा भाग विश्रांतीतच घालवितात, रानातही आणि येथेही. त्यांस दगड मारून किंवा आरोळ्या ठोकून उठविण्याचा उद्योग केवळ असभ्य नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. प्राण्याला छेडणे, त्यास खावयास घालणे, गोंगाट करणे, आवारात कचरा टाकणे या सर्वांना कायद्याच्या एकाच कलमाने मनाई केली आहे. आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडेल. आपल्याकडील प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपवास घडवितात. रानात त्यांना रोज शिकार मिळत नाही; रोजच्या आयत्या खाण्याने त्यांचे पोट बिघडते. आपल्या घरातील एकादशीपेक्षा ही एकादशी अधिक कडक, कारण तीत साबुदाण्याची खिचडी नसते!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रथम सिंहाचे पाहू. हिंदुस्थानातील सर्कशीचा उगम मराठी माणसाच्या पराक्रमात आहे, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि ती सार्थही आहे. सांगली भागातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुण्याचे दामू धोत्रे तर वाघ-सिंहांच्या खेळांनी थेट अमेरिकेत गाजले. त्या माणसांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तंबूमागच्या चाकांच्या पिंजऱ्यात जन्म काढणाऱ्या जनावरांचा हिशेब कोणी मांडला नव्हता. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळास लावण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ती कायम केली. मग देशभरच्या सर्कशींतील वाघ-सिंहांना ठेवावयाचे कोठे? त्यासाठी जी मोजकी आश्रयकेंद्रे उभारण्यात आली, त्यांत बन्नेरघट्टा हे एक होते.

या सर्कशीतल्या सिंहांची एक वेगळीच शोकांतिका आहे. पिढ्यान्‌ पिढ्या सर्कशींमध्ये आफ्रिकेचे सिंह आणि आपल्या गीरचे सिंह यांचा संकर होत गेला. त्यातून जन्मलेले सिंह दिसावयास राजबिंडे असले, तरी वंशरक्षणाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग नाही. त्यांची प्रजा वाढू द्यावयाची नाही, असे धोरण ठरले. म्हणजे त्यांना रानात सोडता येत नाही आणि पिलेही होऊ द्यावयाची नाहीत. मांस, औषधपाणी आणि थोडी मोकळी जमीन देऊन त्यांचे आयुष्य शांतपणे पुरे होऊ द्यावयाचे, इतकेच हाती उरते. सर्कशीचे तिकीट आपण दोन-तीन आण्यांना घेतले असेल. त्याची उरलेली किंमत अशी सरकारी तिजोरीतून पुढे कित्येक वर्षे चुकती होत राहिली.

अस्वलाची कहाणी याहून जवळची आहे, कारण ते सर्कशीच्या तंबूत नव्हे, आपल्या दारात येत असे. दरवेशी डमरू वाजवीत गल्लीत शिरला की मुले धावत. अस्वल दोन पायांवर नाचे, सलाम करी. लेकराला त्याच्या पाठीवर बसविले म्हणजे ते भित्रे राहात नाही, अशी समजूत होती. अस्वलाच्या केसांचा ताईतही आया मोठ्या श्रद्धेने बाळाच्या गळ्यात बांधीत. त्या नाचामागे काय होते, हे त्या माउलींना ठाऊक नव्हते. पिलू मिळविण्यासाठी बहुधा त्याची आई मारली जाई. पुढे तापविलेल्या सुईने त्याच्या मुस्कटाला आरपार भोक पाडून त्यातून दोरी ओवली जाई आणि सुळे पाडून टाकले जात. ती दोरी किंचित ओढली की कळ मस्तकात जाई, आणि अस्वल मागच्या पायांवर उभे राही. आपण ज्याला नाच म्हणत होतो, तो हा असा होता.

१९७२ च्या कायद्याने ही प्रथा बेकायदा ठरली होती, तरी ती चालूच राहिली. कारण दरवेशी किंवा कलंदर कुटुंबांना दुसरा धंदा येत नव्हता. अस्वल काढून घेतले तर घरातील चूल विझणार! 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने वनखात्याच्या सहकार्याने जो मार्ग काढला, तो म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. अस्वल स्वखुशीने सोपविणाऱ्या कुटुंबास नव्या व्यवसायासाठी साहाय्य आणि मुलांस शाळा, असा तो सौदा होता. कोणी रिक्षा घेतली, कोणी दुकान थाटले, कोठे बायका विणकामास लागल्या. अशा रीतीने सहाशेहून अधिक अस्वले सुटली. डिसेंबर २००९ मध्ये 'राजू' नावाचे अखेरचे नाचरे अस्वल बन्नेरघट्टा येथेच सोपविण्यात आले. उद्यानाच्या हद्दीत या सुटलेल्या अस्वलांचे आश्रयस्थान आहे. दात मोडलेल्या, मुस्कटावर व्रण असलेल्या या प्राण्यांना लापशी, फळे, मध असे मऊ अन्न लागते. लाकडाच्या ओंडक्यात मध दडवून ठेवतात, म्हणजे नखांना आणि नाकाला काम मिळते. कित्येकांची डोलण्याची सवय दोरी निघाल्यावरही लवकर जात नाही.

सफारीतून दिसणारे प्रत्येक अस्वल नाचलेले असते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पावसाळ्याच्या आरंभी वारुळाशी बसलेले एक अस्वल मी पाहिले, ते अगदी रानातल्यासारखे वागत होते. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः ओढून घेते, आणि माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटते. त्या वेळचा फुरफुर आवाज बराच लांबवर ऐकू येतो. बस थांबली होती. पण आतील मंडळी मोबाइलमध्ये छायाचित्र आले की नाही हे पाहण्यात इतकी गढली होती की, तो आवाज फार थोड्यांनी ऐकला असावा.

ऑगस्टमध्ये मी म्हैसूरलाही जाऊन आलो. तेथील प्राणिसंग्रहालय चामराजेंद्र वडियार महाराजांनी १८९२ साली स्थापिले. १९९५ साली तेथे डब्लिनहून 'पोलो' नावाचा गोरिला आला. तो पुढे देशातील एकमेव गोरिला ठरला आणि २०१४ मध्ये एकटाच मेला. गोरिला हा कुटुंबकबिल्यात राहणारा प्राणी. २०२१ मध्ये जर्मनीहून नवे गोरिला आले, ते मात्र दोघे भाऊ, एकमेकांच्या सोबतीला. एवढा धडा आपली प्राणिसंग्रहालये शिकली, ही समाधानाची बाब होय.

बिबट्याविषयी लिहिताना लेखणी जरा जड होते. बन्नेरघट्ट्यात २०२४ साली बिबट्यांची स्वतंत्र सफारी सुरू झाली आणि ती लोकांस अतिशय आवडली. पण तिच्या आदल्याच वर्षी, २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, मांजरकुळातील प्राण्यांना होणाऱ्या एका विषाणूच्या साथीने येथील सात बछडे दगावले. लस टोचलेली असूनही ते वाचले नाहीत. प्राणिसंग्रहालयात बिबट्याचे बछडे मोठ्या संख्येने येतात तरी का, हे महाराष्ट्रातील वाचकांना विशेष समजून घेता येईल. जुन्नर, अकोले भागांत बिबट्याची मादी उसात विते. ऊसतोडणी सुरू झाली की मजुरांना बछडे सापडतात. 'आईने टाकले' अशा समजुतीने कोणी त्यांना उचलतो, दूध पाजतो, गावभर दाखवितो. मादी जवळच कोठेतरी दडलेली असते आणि रात्री पिलांसाठी परत येते. म्हणून वनखात्याची माणसे व माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य बछड्यांची तपासणी करून संध्याकाळी त्यांना खोक्यात घालून पुन्हा त्याच शेतात ठेवतात आणि दुरून पहारा करतात. अशा अनेक प्रसंगी आईने येऊन एकेक पिलू तोंडात धरून नेलेले आहे. ज्यांची आई परत भेटत नाही, ती पिले जन्मभर माणसांच्या हाती राहतात. तुमच्या शेतात असे बछडे दिसले, तर हात न लावता वनखात्यास कळवावे आणि तेथील गर्दी पांगवावी. पुढचे काम बहुधा त्यांची आईच करते.

हत्तींचा प्रकार मात्र येथे निराळा आहे. प्राणिसंग्रहालयाला लागूनच जंगल आहे, आणि ते पुढे कावेरीकाठच्या व तमिळनाडूच्या रानांना जाऊन मिळते. दिवसा लोकांना दिसणाऱ्या हत्तिणींना रात्री रानात चरावयास सोडण्याची येथे रीत आहे. तेथे रानटी टस्करांशी त्यांची गाठ पडते, आणि येथे जन्मलेल्या कित्येक पिलांचे बाप असे रानातलेच असतात. सकाळी माहूत माग काढीत जातात आणि कळप परत घेऊन येतात.

तुम्हांस जावयाचे असल्यास मंगळवार टाळावा, त्या दिवशी उद्यान बंद असते. रविवारीही शक्यतो जाऊ नये, गर्दी फार. सकाळी जावे, आणि सगळे प्राणी पाहण्याचा आग्रह सोडून एखाद्याच आवारासमोर अर्धा तास स्वस्थ बसावे. फुलपाखरांचे उद्यान येथे २००६ पासून आहे. त्यासाठी पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस उत्तम. ते पाहून आल्यावर घरच्या कुंडीतील कढीपत्ता किंवा लिंबाचे रोप नीट तपासावे. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा काळा-पांढरा ठिपका आढळला, तर तो झटकून टाकू नका; ती फुलपाखराची अळी असण्याचा संभव आहे.