चेनसॉच्या साखळीची धार
आम्ही कापडवाले, म्हणून प्रथम कापडाचेच सांगतो. देवगाव फाट्यावरील लाकूडकाम करणाऱ्या बांधवांनी चेनसॉची साखळी विजेच्या मशीनवर लावताना गळ्यातला रुमाल, सैल बाही आधी आवरावी. फिरत्या चाकात कापड अडकले तर हातही ओढला जातो. डोळ्यांवर चष्मा हवाच. नवे चाक बसविण्यापूर्वी ते बोटावर धरून लाकडाने हलके ठोकावे. आवाज बद्द आला तर तडा समजून फेकून द्यावे. चाक बदलताना प्लग काढलेला असावा.

दात चाकाला क्षणभरच टेकवावा. दाबून धरला की तो निळा पडतो, त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. घाईत साखळीच वाया जाते, आणि ती काही स्वस्त नाही! कोन बहुधा 30 अंशांचा असतो. डावे-उजवे दात सारख्याच लांबीचे ठेवावेत, नाहीतर काप वाकडा जातो.