केडगावात छापलेलं बायबल

दौंड तालुक्यातलं केडगाव. इथल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि विधवा शिशाचे खिळे जुळवीत. छपाई-बांधणीही त्याच करीत. पंडिता रमाबाईंचं (१८५८–१९२२) मराठी बायबल छापलं गेलं ते इथंच. रमाबाई मूळच्या संस्कृत पंडिता. भाषांतरासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि भाषा ठेवली कमी शिकलेल्या बाईलाही उमगेल अशी. एवढी विद्या असून ती मिरवायची नाही, हे सोपं नव्हे!

देवाची प्रीती अक्षय आहे, ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळतं, ही ख्रिस्ती श्रद्धा. योहानाच्या शुभवर्तमानात (३:१६) ती एका वचनात सामावली आहे. ही श्रद्धा बाळगणाऱ्या रमाबाईंच्या घरात मरण वरचेवर आलं: दुष्काळात आईवडील, १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. एकुलती लेक मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. तरी भाषांतराचं काम चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं.