अक्षर दिसते, पण मजकूर असतो कुठे?

छत्रपती संभाजीनगरच्या नहरींविषयी जुन्या माणसांनी सांगितलेले मी वीसेक वर्षांपूर्वी संगणकावर उतरवून ठेवले होते. गेल्या वर्षी त्या फाइल्स नव्या संगणकावर उघडल्या, तर पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा पसारा! मुक्त सॉफ्टवेअरच्या जाणकारांना विचारले. एक म्हणाला, लिनक्सच घ्या. दुसरा म्हणाला, विंडोजवर लिब्रेऑफिस पुरे. या मतभेदाखाली दडलेले एकमत मला उशिरा उमगले.

जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फाँट गेला की मराठीही गेली. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, फाँट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. म्हणून पहिला सल्ला : मजकूर युनिकोडमध्ये ठेवा.

दुसरा सल्ला : साधन खुले हवे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून वेगळे; पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक दोन्ही भाषांना सामाईक आहेत. वळण ठरवतो फाँट. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फाँट मुक्त परवान्याखाली दिले. असा फाँट कोणीही जाणकार उघडून सुधारू शकतो; बंद फाँटसाठी मालकाची मर्जी लागते.

फाँट-परिवर्तकाने माझी टिपणे बरीचशी परत आणली. बिघडलेली जोडाक्षरे मी अजून एकेक तपासतो आहे. पुन्हा विचारावे, तर सांगणारी माणसे आता राहिलेली नाहीत.