कॉइल बदलण्याआधी जोडातलं मीठ काढा

जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन दोरी ओढून ओढून हात भरले तरी सुरू होत नाही, तेव्हा जेटीवरचा पहिला सल्ला ठरलेला असतो: "कॉइल गेली रे!" नाहीतर "सीडीआय गेला!" नवा पार्ट घातला की मशीन चालतं, आणि महिन्याभरात परत तेच रडगाणं. कारण बऱ्याच वेळा पार्ट गेलेलाच नसतो. पार्ट बदलताना जोड हलतो, थोडा घासला जातो, म्हणून मशीन चालतं. खरा रोग जोडातल्या मिठाचा.

हा विषय फक्त पैशांचा नाही. शापोरा असो की बेतूल, नदीच्या मुखावर वाळूचे पट्टे आहेत. लाट फुटत असताना तिथे मशीन बंद पडलं तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

पावसाळ्यात घरातल्या मिठाला पाणी सुटतं, तसंच जोडावर सुकलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. प्लगकडे जाणारा करंट हजारो व्होल्टचा. त्याला ओलसर खारट वाट मिळाली की तो प्लगपर्यंत न जाता वाटेतच ब्लॉकवर उतरतो. तांब्यावर हिरवा थर चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी.

रोग ओळखायची एक सोपी खूण आहे. पहाटे सुरू होत नाही, पण ऊन चढलं की होतं, तर संशय ओलाव्यावर घ्या. थंड असताना छान चालतं, गरम झालं की बंद पडतं, आणि निवलं की परत चालू होतं, तर मात्र कॉइल किंवा सीडीआय खरंच थकलेला असू शकतो. त्याला मिस्त्रीच लागेल.

आता सफाई. आधी स्टॉप स्विचची लाल दोरीची क्लिप काढा. बॅटरी असेल तर निगेटिव्ह वायर पहिली सोडा.

प्लग आणि टोपी: टोपीच्या आत हिरवं, काळं किंवा चिरलेलं दिसतं का बघा. रबर तडकलं असेल तर टोपी बदला. प्लग पुस्तकात दिलेल्या नंबराचाच घाला. एनजीकेच्या प्लगवर नंबराच्या शेवटी '-१०' असेल तर त्याची गॅप १ मिलिमीटर असते. ठिणगी बघायची असेल तर आसपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करा आणि प्लगचा धातू ब्लॉकच्या स्वच्छ धातूला टेकवूनच दोरी ओढा. टोपी नुसती लोंबकळत ठेवून ओढलं तर चांगला सीडीआयसुद्धा जाऊ शकतो.

जोड: एकेक जोड सोडा, जुन्या टूथब्रशने घासा आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. एका वेळी एकच सोडा, नाहीतर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वायर सोलल्यावर आतलं तांबं काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. नवी वायर घालायची असेल तर कथिल चढवलेली मरीन वायर घ्या.

अर्थ: बहुतेकांच्या नजरेतून सुटतो तो हा जोड. ब्लॉकवर बोल्टने बसवलेली काळी वायर सोडा, खालचा रंग आणि भुकटी बारीक पॉलिश पेपरने काढा आणि परत घट्ट आवळा. इथे पकड ढिली असेल तर नवी कॉइलही नीट ठिणगी देणार नाही.

स्टॉप स्विच: बहुतेक सीडीआय मशीनांत हा स्विच करंट अर्थला देऊन मशीन बंद करतो. त्यात खारं पाणी शिरलं तर स्विच न दाबताही तेच होतं. तपासण्यापुरती त्याची वायर सोडून बघा. ठिणगी आली तर दोष स्विचमध्ये आहे. पण वायर तशीच सोडून समुद्रात जाऊ नका. माणूस पाण्यात पडला तर मशीन बंद करणारी दोरी तीच.

मॅग्नेटखालच्या कॉइलींना हात लावायचा तर पुलर लागतो. ते काम मिस्त्रीवर सोडा.

सगळं पूर्ण सुकलं की जोडावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. हे ग्रीस करंट नेत नाही. धातू धातूला टेकून करंट जातो, ग्रीस फक्त पाणी बाहेर ठेवतं. साधं चॅसी ग्रीस रबर फुगवतं, ते नको. उघड्या जोडाला आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी घाला. चिकटपट्टीचा जोड बाहेरून छान दिसतो, आत मात्र पाणी धरून ठेवतो. पाणी उडवणारा स्प्रे तात्पुरता बरा, पण तो टिकत नाही.

रोजचं काम पाच मिनिटांचं. किनाऱ्यावर आलात की कव्हर उघडा, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि वारा लागू द्या. आत पाइपाने पाणी मारू नका. कव्हरचं रबर सील फाटलं असेल तर ते आधी बदला, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

आणि होडीत एक डबा ठेवाच. त्यात एक जादा प्लग, प्लग पाना, जादा क्लिप आणि कोरडं फडकं. वल्ही तर हवीतच.