लग्नघरातील छायाचित्रकार

प्रत्येक घरात एखादा जुना अल्बम असतोच. सुट्टीतल्या एखाद्या दुपारी तो कपाटातून बाहेर निघतो, आणि मग ‘ही नथ घातलेली कोण?’, ‘हे कोणाचे लग्न?’ अशा प्रश्नांना प्रारंभ होतो. त्या अल्बमात घरची सारी माणसे सापडतात. सापडत नाही तो एकच, ती चित्रे काढणारा. आम्ही दोघे भाऊ गेली चाळीस वर्षे इंदूर शहरात हा न दिसण्याचा व्यवसाय करीत आलो आहोत. याच शाळेच्या बाकांवर आम्ही पदार्थविज्ञानातील प्रकाशाचे धडे घोकले. त्यांचा उपयोग पुढे बोहल्याजवळ उभे राहून होईल, असे तेव्हा स्वप्नातही आले नव्हते. म्हणूनच संपादकांनी ‘तुमचे अनुभव लिहा’ असा आग्रह धरला, तेव्हा अनुभवांबरोबर त्यांमागील शास्त्रही थोडेसे सांगावे असे आम्ही ठरविले.

छायाचित्रणाची कला १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याच्या पद्धतीच्या रूपाने जगापुढे आली. आपल्या इंदूरशी तिचा संबंध बराच जुना आहे. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे रुरकी येथे शिक्षण घेऊन इंदुरातील बांधकाम खात्यात नोकरीस लागले, आणि येथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले. पुढे ते सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले व ‘राजा’ या किताबाने ओळखले जाऊ लागले. पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेस स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला. तेथे चित्रे घेणारीही स्त्रीच होती. त्या काळी चित्र काढून घेण्यासाठी बहुधा माणसे स्टुडिओत जात. आज छायाचित्रकार त्यांच्या घरी जातो. हा फरक वाटतो तितका लहान नाही. स्टुडिओत प्रकाश आपल्या आज्ञेत असतो. लग्नघरात तो जसा मिळेल तसा पत्करावा लागतो.

साखरपुड्याचेच उदाहरण घेऊ. जुन्या घरातील माजघर, एक खिडकी, एक दिवा, आणि पन्नास माणसे! मध्ये पाटावर मुलगी बसलेली, सासरची वडीलधारी स्त्री तिला कुंकू लावीत आहे, ओटी भरीत आहे, साखरेचा पुडा हाती देत आहे. नवशिका छायाचित्रकार अशा वेळी झगझगीत फ्लॅश समोरून मारतो आणि घरी जाऊन पाहतो, तो मुलीचा चेहरा पांढराफटक व मागच्या मावश्या काळोखात! याचे कारण आमच्या विद्यार्थिमित्रांना ठाऊक असेलच. लहानशा दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. मुलगी २ मीटरवर आणि मावशी ४ मीटरवर असेल, तर मावशीच्या वाट्यास मुलीच्या मानाने एक चतुर्थांशच प्रकाश येतो. यावर उपाय सोपा आहे. फ्लॅशचे तोंड छताकडे वळवावे. मग सारे छतच दिवा बनते आणि त्याचा मंद उजेड सर्वांवर जवळजवळ सारखा पसरतो. मात्र छत पांढरे हवे. एका घरी छत व भिंती हिरव्या रंगाच्या होत्या, ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. चित्रे धुऊन आली तेव्हा दोन्ही व्याही हिरवेगार दिसत होते. त्या मंडळींनी ते हसण्यावारी नेले, हा त्यांचा मोठेपणा.

कॅमेऱ्यात प्रकाश किती घ्यावा, हे दोन गोष्टींवर ठरते: भिंगामागील छिद्र किती मोठे ठेवावे, आणि झडप किती वेळ उघडी ठेवावी. नळाखाली घागर भरण्यासारखाच हा प्रकार आहे. धार मोठी असेल तर घागर लवकर भरते, बारीक असेल तर वेळ लागतो. पण लग्नात वेळ लावून चालत नाही. अर्धा मीटर खाली आलेला अक्षतेचा दाणा सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने पडत असतो. झडप १/६० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्यात तो ५ सेंटिमीटर खाली येतो आणि चित्रात दाण्याऐवजी रेघ उमटते. झडप १/५०० सेकंदच उघडली, तर तो जेमतेम ६ मिलिमीटर सरकतो व दाणा म्हणून ओळखू येतो.

आता बोहल्याकडे वळू. विवाहविधीत पाहण्याजोगे क्षण अनेक आहेत: कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी. परंतु छायाचित्रकाराची खरी कसोटी लागते ती अंतरपाटाशी. मंगलाष्टके चालू असतात तोवर सारे संथ असते. वधूची मान खाली, मामा मागे उभे, करवली अवघडलेली. मग शेवटचे ‘सावधान’ होते आणि वाजंत्री, टाळ्या, अक्षता सारे एकदम उसळते. अंतरपाट दूर होतो आणि वधू मान वर करते. हे सारे दोन-तीन सेकंदांत उरकते. त्या वेळी उभे कोठे राहावे? वधूच्या मागे राहिल्यास तिचा चेहरा दिसत नाही, वराच्या मागे राहिल्यास त्याचा. अंतरपाटाच्या रेषेतच, बाजूला, थोडे खाली वाकून उभे राहिल्यास दोघेही दिसतात. म्हणून आम्ही गुरुजींना आधीच भेटून आपली जागा ठरवून घेतो. गुरुजींची मर्जी राखणे हाही या शास्त्राचाच एक भाग आहे.

ही जागा आम्हांस मिळाली, वेळही साधली, आणि तरीही सर्व गमावले, असे एकदा घडले. आमच्या धंद्याचे ते दुसरेच वर्ष. तेव्हा कॅमेऱ्यात ३६ चित्रांची फिल्म घालीत असू. फिल्मचे टोक आतल्या फिरकीच्या खाचेत नीट अडकवावे लागे. घाईत ते अडकलेच नाही. बाहेरचा आकडा पुढे सरकत होता, झडप उघडत-मिटत होती, आणि आत फिल्म होती तेथेच होती. आकडा ३६ च्या पुढे जाऊन ३८ वर आला, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. सीमांतपूजन, गौरीहर, अंतरपाट यांपैकी काहीही उमटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वधूपित्याकडे गेलो व झाले ते सांगितले. माळा घालून पुन्हा चित्रे काढून देऊ, असे सुचविले. ते रागावतील अशी आमची अपेक्षा होती; कदाचित रागावले असते तर बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, “बाळांनो, माळा पुन्हा घालता येतील. पण पोरीने पहिल्यांदा वर पाहिले, ते कुठून आणायचे?” त्या लग्नाचे पैसे आम्ही घेतले नाहीत, परंतु पैसे न घेतल्याने हानी भरून निघत नाही, हे आम्हांस त्या दिवशी कळले. तेव्हापासून दोन नियम झाले. पहिला, फिल्म घातल्यावर ती गुंडाळण्याची कळ फिरते की नाही हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून पहिले चित्र घ्यावयाचे नाही. दुसरा, अंतरपाटाच्या वेळी आम्ही दोघांनी समोरासमोर, दोन निरनिराळे कॅमेरे घेऊन उभे राहावयाचे.

दागिन्यांचे छायाचित्रण हे याच्या अगदी उलट. येथे घाई नाही, दागिना पळून जात नाही. आणि तरीही ते अधिक अवघड आहे. चकचकीत सोने हा आरसाच होय. पाटलीचे चित्र काढावयास गेलो, तर पाटलीत खिडकी, कॅमेरा आणि आमची दोन तोंडे दिसू लागतात! म्हणून दागिन्याभोवती पातळ पांढऱ्या मलमलीचा लहानसा तंबू उभारतो व बाहेरून उजेड सोडतो. मग सोन्यात केवळ शुभ्र मलमल प्रतिबिंबित होते. पण तेवढ्याने सोने सपाट दिसते, म्हणून कडेला काळ्या कागदाच्या पट्ट्या ठेवतो. त्यांची सावली पडली की घडणीचा उठाव दिसू लागतो. मोत्यांना मंद उजेड मानवतो. हिऱ्याचे तसे नाही. त्यात शिरलेला प्रकाश पैलूवर सुमारे २४ अंशांहून अधिक कलता आदळला, तर बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. यामुळेच हिरा चमकतो. त्या चमकेसाठी त्याला लहान, प्रखर दिवा लागतो. मंद उजेडात तो काचेसारखा दिसतो. नथीत मोती आणि खडे एकत्र नांदतात, तेव्हा दोघांचेही मन राखावे लागते. शिवाय इतक्या जवळून चित्र घेताना काही मिलिमीटरच खोलीचा भाग स्पष्ट येतो. म्हणून छिद्र बारीक, झडप बराच वेळ उघडी, आणि कॅमेरा तिपाईवर घट्ट.

काही वर्षांपूर्वी एका आजींनी आम्हांस घरी बोलावले. त्यांचे दागिने मोडून तिन्ही नातींसाठी नव्या बांगड्या करावयाच्या होत्या. सराफाकडे जाण्यापूर्वी जुन्या घडणीची आठवण राहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ठुशी, चिंचपेटी, मोहनमाळ, पाटल्या. आम्ही दुपारभर खपून एकेकीचे चित्र घेतले. तंबू, पट्ट्या, दिवे, सारे यथासांग. आजींनी चित्रे पाहिली, समाधानाने मान हलविली आणि म्हणाल्या, “दुकानातल्यासारखे दिसताहेत रे. माझे नाही वाटत.” मग त्यांनी पाटल्या हातात चढविल्या, खिडकीपाशी बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. तंबू नाही, पट्ट्या नाहीत. उत्तरेच्या खिडकीचा स्थिर उजेड तेवढा होता. त्या उजेडात सुरकुतलेली मनगटे दिसली, आणि वर्षानुवर्षे भांडी घासून, दळण दळून झिजलेली पाटल्यांची कडही दिसली. मलमलीच्या तंबूत ती झीज आम्हांस दोष वाटली होती व आम्ही ती प्रयत्नपूर्वक लपविली होती. आज त्या पाटल्या नाहीत, आजीही नाहीत. बांगड्या तिन्ही नातींकडे आहेत. आणि तिघींनीही भिंतीवर लावले आहे ते हातांचे चित्र.

आता फिल्म बहुतेक ठिकाणी मागे पडली. एका लग्नात हजारो चित्रे निघतात, आणि काढलेले चित्र तत्क्षणी दिसते. ही मोठीच सोय झाली. परंतु हजारो चित्रे मोबाइलमध्ये राहतात आणि मोबाइल बिघडला की त्याच्याबरोबर जातात. म्हणून आमची विद्यार्थिमित्रांस तीन कामे सांगण्याची इच्छा आहे. घरातील महत्त्वाच्या चित्रांच्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यांतील थोडी निवडून कागदावर छापून घ्या. आणि जुना अल्बम उघडून आजीआजोबांजवळ बसा. चित्रातील प्रत्येकाचे नाव, नाते, गाव व साल विचारून घ्या आणि चित्राच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. शाई पसरते, पेन्सिल टिकते. प्रकाशाने चेहरा जपून ठेवला, तरी नाव तो सांगू शकत नाही. ते सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवरच हे काम उरकून घ्यावे.