पटावर नाव आहे, मूल फडात आहे!

१२ मार्च १९२७. महाडच्या सत्याग्रहाला अवघा आठवडा उरलेला. मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू होती आणि बाबासाहेबांनी सरकारला आकड्यांतच पकडले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शिक्षणावर दरडोई अवघे १४ आणे खर्च करणारे सरकार अबकारीतून मात्र त्याच माणसाकडून त्याहून कितीतरी अधिक वसूल करते, हेही त्यांनी त्याच भाषणात सुनावले. म्हणजे दाखल मुलांच्या संख्येवर बाबासाहेब समाधानी नव्हते. आत आलेले मूल बाहेर का पडले, हा त्यांचा सवाल होता.

आज सरकारी कागदावर या प्रकाराला ‘गळती’ म्हणतात. मला हा शब्दच मान्य नाही. नळ गळतो, छप्पर गळते. मूल गळत नाही, त्याला बाहेर ढकलले जाते. ढकलणाऱ्या हाताचे नाव लपवायचे असले की असे शब्द तयार होतात.

हा हात बघायचा असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या, पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातल्या कोणत्याही वस्तीवर जा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब असतो. भांडीकुंडी, शेळी, म्हातारे माणूस चालण्यासारखे असेल तर तेही ट्रकमध्ये भरायचे आणि सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्याची वाट धरायची. परत येणे मार्च-एप्रिलात. शाळेचे दुसरे सत्र पूर्ण फडात जाते. यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, बौद्ध, मातंग आहेत. ज्याला ज्याला गावात जमीन नाही किंवा असून पाणी नाही, तो सारा समाज आहे. कोयता जात विचारत नाही म्हणतात. पण तो कोणाच्या हातात पडतो हे जातच ठरवते.

या सहा महिन्यांत मूल काय करते? दहा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्या भावाला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. बारा वर्षांचा मुलगा वाढे गोळा करतो, बैल बघतो, मोळ्या उचलायला हात लावतो. मजुरी जोडप्याच्या नावावर असल्याने या मुलांचे श्रम कुठल्याच हजेरीपटावर नसतात. आणि गावच्या शाळेच्या पटावर मात्र त्यांचे नाव शाबूत असते, कारण पट कमी झाला तर शिक्षकाचे पद जाते. हा दुहेरी खोटेपणा आहे. शाळेत नसलेले मूल शाळेत दिसते आणि काम करणारे मूल कामावर दिसत नाही.

उपाय शोधले गेले नाहीत असे नाही. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या. काही चांगल्या चालल्या, बऱ्याच हंगामाबरोबर संपल्या. कर्नाटकात गेलेल्या मुलाला तर जवळची शाळा सापडली तरी ती कानडी. पुढे हंगामी वसतिगृहांची योजना आली. मूल गावातच राहील, त्याच शाळेत जाईल, सकाळ-संध्याकाळचे जेवण आणि रात्रीची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होईल. माझ्या मते आजवरच्या उपायांत हा सर्वात शहाणपणाचा, कारण यात मूल हलत नाही. पण अनेक ठिकाणी मंजुरी आणि पैसा येईपर्यंत ट्रक निघून गेलेले असतात. आई-बाप निघायच्या आदल्या दिवशी वसतिगृह नसेल तर ते महिन्याने सुरू होऊन काय उपयोग? आणि मुलीच्या आईला रात्री तिथे बाईमाणूस कोण आहे हे कळले नाही, तर ती मुलीला मागे ठेवणार नाही. तिचे बरोबरच आहे.

२०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेला मंजुरी मिळाली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे. योजना स्वागतार्ह आहे. आपल्या तालुक्यातले वसतिगृह कुठे आहे, किती जागा भरल्या, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी जाऊन पाहिले? बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा पाठीशी ना सरकार होते ना कारखाना.

आता कायद्याचे बोलू, कारण तो माझा धंदा आहे आणि तो आपल्या वस्तीत सर्वात कमी पोचला आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. स्थलांतरित कुटुंबातील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. कलम ५ सांगते की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येणार नाही. वर्ष अर्धे सरले हेही कारण चालत नाही; ते कलम १५. आणि कलम ४ प्रमाणे शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा. अशा मुलाला वयाची १४ वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत पूर्ण करता येते. तरीही फडावरून आलेल्या बापाला ‘दाखला आणा, मग बघू’ हे वाक्य आजही ऐकावे लागते. मी अशा बापांबरोबर मुख्याध्यापकांसमोर बसलो आहे. कलमाचा आकडा उच्चारला की आवाज खाली येतो, असा अनुभव आहे. म्हणून आकडे पाठ करा.

नवा धोका मात्र वेगळाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६ बदलले आणि २०२३ पासून महाराष्ट्रात पाचवी व आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा आली. परीक्षा कधी? वर्षअखेरीस. ऊसतोड कामगाराचे मूल गावी येते कधी? त्याच सुमारास. सहा महिने ज्याने पुस्तक पाहिले नाही त्याची परीक्षा घेणे आणि मग त्यालाच नापास म्हणणे, हा कुठला न्याय? नापासाला दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी आहे आणि आधी अतिरिक्त शिकवणी देणे बंधनकारक आहे. ती शिकवणी उन्हाळ्याच्या सुट्टीत कोण देते, हे पालकांनी विचारलेच पाहिजे. आठवीपर्यंत कोणालाही शाळेतून काढून टाकता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. नापासाचा शिक्का घेऊन घरी बसलेल्या मुलाला ते कोणी सांगत नाही.

मुलींचे तर विचारूच नका. १९९२ पासून अनुसूचित जाती-जमाती, भटक्या विमुक्तांच्या प्राथमिक शाळेतील मुलींना रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तीन दशके तो रुपया रुपयाच राहिला. एवढ्यात आता पेन्सिलसुद्धा येत नाही! आठवीनंतर गावात वर्ग नसतो, तालुक्याची एसटी वेळेवर नसते, आणि मुलीचे लग्न लावले की एक नवा कोयता तयार होतो. उचलीचे अर्थशास्त्र बालविवाहाला पोसते. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे, पण फिर्याद द्यायला गावातला कोणीही पुढे येत नाही. नववीतल्या मुलीची सायकल आणि वसतिगृहातली खाट यांनी जेवढी लग्ने थांबतील तेवढी पोलिसांनी थांबणार नाहीत.

आपल्या नोकरदार बांधवांना एक विनंती आहे. १४ एप्रिलला वह्या वाटणे चांगले. पण हे मूल सुटते ते ऑक्टोबरात. दसऱ्याच्या आधी विहारात बसून वस्तीतली कोणती कुटुंबे तोडीला जाणार, त्यांत ६ ते १४ वयाची मुले किती, ही यादी करावी. कामाला एक संध्याकाळ पुरते. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असते. आपली आई त्या समितीत असेल तर हंगामी वसतिगृहाचा ठराव वेळेत होतो. समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागून बघा. पुष्कळदा फक्त सह्या असतात.

जे कुटुंब मूल सोबत नेणारच, त्याने निघण्यापूर्वी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. ते पाहून फडाजवळच्या शाळेने मुलाला वर्गात घ्यायचे असते. शाळेने नकार दिला तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तक्रार साध्या कागदावर चालते, वकील लागत नाही. दोन प्रती काढाव्यात, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. पोच दिली नाही तर तोच कागद स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.